डाव्या बाजूचं तीन नंबर बटण

हरलेल्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती दाराशी त्याची वाटच पाहत असतात. मावशींच्या गेम पार्लरमध्ये बावीस वर्षं मशिनी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने त्यातली बहुतेक सगळी ऐकली होती. दांडा जड आहे. बटण चिकटतंय. काचेवर उजेड पडतोय. ऐन वेळी मागे कोणीतरी शिंकलं. एका बँकेच्या साहेबाने तर खुर्ची दोन बोटं उंच असल्यामुळे आपल्याला शत्रू लहान दिसतो आणि त्याची दया येते, असंही सांगितलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने काढली, तो अशाच एखाद्या ठिकाणी दोन संध्याकाळी बसून गेला असावा.

या रडगाण्यावर पार्लरने आपला एक कायदा केला होता. एकाच मशीनसमोर दोघं शेजारी बसत. दोघांपुढे एकेक दांडा आणि सहा-सहा बटणं, आणि पडद्यावर दोघांचे पैलवान एकमेकांना बुकलत. जिंकेल त्याने डावीकडे बसून राहायचं, हरेल त्याने उठायचं, पुढच्याने उजवीकडे यायचं. हरणाऱ्याला मशीनचा संशय आला तर त्याने मिस्त्रीला हाक मारायची. पण तक्रार फक्त आपल्या बाजूची. आपल्या ताटात काय वाढलंय ते बोलावं, शेजारच्याच्या ताटात डोकावू नये, असं मावशींनी ठरवून दिलं होतं. मग मिस्त्री सगळ्यांसमोर त्या बाजूची बटणांची फळी उघडे, मीटर लावून एकेक स्विच तपासे आणि म्हणे, "मशीन निर्दोष." तक्रार करणाऱ्याने तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि घरी जायचं. कोर्टात इतक्या लवकर निकाल लागत नाहीत.

कायदा चांगला होता. त्याला एकच भोक होतं आणि ते नऊ वर्षं कोणाला दिसलं नाही. जिंकणारा कधी तक्रार करत नाही.

नऊ वर्षं डावीकडे बसणाऱ्याला सगळे सुई म्हणत. तो एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचा. ज्यांच्या हाताला शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्या आणि हातपाय झाडणारी मुलं त्याच्याकडे पाठवली जात. म्हातारी "टोचलंस की नाही अजून?" असं विचारायची तेव्हा हा कोपराच्या खळग्यावर कापूस दाबून बसलेला असायचा. सकाळी सात ते तीन लॅब, साडेतीनला पार्लर. अंगाला स्पिरिटचा वास, खिशात दोन पेनं, बोलणं कमी.

खेळात त्याचा एक डाव होता. समोरच्याचा ठोसा अडवला की डोळ्याची पापणी लवायच्या आत तीन नंबरचं बटण दोनदा दाबायचं. मग ठोसा मारणाराच उलटा आपटतो. याला तिथे 'उलटा' म्हणत. चांगल्या खेळणाऱ्याचे दहात चार-पाच उलटे बसत. सुईचे दहात दहा. शीर शोधणारा हात, दुसरं काय, असं लोक म्हणायचे. कधी सुई गैरहजर असला की दुसरं कोणी त्या खुर्चीवर बसून बघे, आणि त्याला तर एकही उलटा जमत नसे. "ही खुर्ची सुईशिवाय कोणाला मानवत नाही," हेही मग ठरून गेलं, त्यामुळे त्या बाजूची तक्रार कोणी केली नाही.

मिस्त्रीला या मित्राचं कौतुक होतं. स्वतः तो यथातथाच खेळायचा, पण कुस्ती न जमणाऱ्या वस्तादाचा जीव जसा एखाद्या पठ्ठ्यात अडकतो तसा त्याचा सुईत अडकला होता. घरी जेवताना तो सुईच्या डावांचं वर्णन करी. बायको म्हणे, "माझ्याबद्दल कोणाला इतकं सांगितलंत का हो कधी?"

"तू खेळत कुठे आहेस?"

"तेवीस वर्षं एकाच बाजूने बसलेय," ती म्हणे आणि भाजी वाढे.

सुईच्या समोर सहा वर्षं सगळ्यात चिवटपणे हरल्या त्या बाई. बाई म्हणजे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, खांद्याला तपासायच्या वह्यांची पिशवी. त्या हरल्या की उठायच्या, पिशवीतून छोटी वही काढून दोन ओळी लिहायच्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या. सहा वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. म्हणून मिस्त्री त्यांना थोडा भिऊनच असे.

त्या वर्षी मोठी स्पर्धा पार्लरमध्ये भरवायचं ठरलं. बाहेरून खेळाडू येणार, बाहेरून पंच येणार. त्यांचं पत्र आलं की सगळ्या मशिनींचे सगळे स्विच नवे हवेत. मावशींनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "लग्न त्यांचं आणि रंग आमच्या भिंतीला." पण स्विच मागवले. सोमवारी पार्लर बंद ठेवून मिस्त्रीने ते बसवले. डावीकडची फळी नऊ वर्षांनी उघडली. आत तीन नंबरच्या बटणाखाली एक पिवळट पडलेला, वेगळ्याच जातीचा स्विच होता. मिस्त्रीला आठवलं. त्या वेळी बाजारात माल नव्हता, म्हणून त्याने एका मोडीत निघालेल्या झेरॉक्स मशीनच्या झाकणाचा स्विच काढून तात्पुरता बसवला होता. तात्पुरता. तो काढून त्याने खिशात टाकला.

मंगळवारी सुई बाईंकडून हरला.

पहिल्यांदा सगळे हसले, सुईही हसला. बुधवारी तो आणखी दोघांकडून हरला. दहात तीन उलटे बसत होते. शुक्रवारी तो उठला, खुर्चीमागे उभा राहिला आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिला. "मिस्त्री, तपास रे," कोणीतरी म्हणालं. सुईने मान हलवली. "मशीनमध्ये काही नाही."

मिस्त्रीला तेव्हाच संशय आला होता. शनिवारी त्याने तो पिवळट स्विच मीटरला लावला. एकदा दाबला की काटा दोनदा उडे. पुन्हा दाबला, पुन्हा दोनदा. आतली स्प्रिंग मऊ, पत्रा उसळी खाऊन परत टेकत होता. म्हणजे नऊ वर्षं सुई एकदा दाबायचा आणि मशीन दोन मोजायचं. आपण दोनदा दाबतोय असं त्याला वाटत असणार. पण बोट शहाणं असतं, जेवढ्यावर भागतं तेवढंच शिकतं. दुसरे त्या खुर्चीवर बसून प्रामाणिकपणे दोनदा दाबायचे, मशीन चार मोजायचं आणि डाव फिसकटायचा. खुर्ची का मानवत नव्हती तेही समजलं. सगळं नीट जुळलं. मिस्त्रीने मीटर बंद केलं आणि स्विच पुन्हा खिशात टाकला.

त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण सांगायचं काय? नऊ वर्षांत सुईने जिंकलेले सतरा चषक मावशींच्या गल्ल्यामागच्या फळीवर होते. त्यातले कोणते त्याचे आणि कोणते झेरॉक्सच्या झाकणाचे? आणि बावीस वर्षं "मशीन निर्दोष" म्हणणाऱ्या माणसाने आता कोणत्या तोंडाने बोलायचं? मिस्त्रीने मनाशी ठरवलं की सुई हुशार आहे, महिनाभरात नव्या बटणाला सरावेल, सुंठीवाचून खोकला जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तत्त्वज्ञान त्याला पुरलं.

सुई सरावला नाही. त्याचं कारण बटणात नव्हतं. सुईच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची आठ वर्षं त्यांना घास भरवावा लागे, आणि भरवत होता सुई. त्यांचं सुरू झालं तेही असंच, उजव्या हाताच्या दोन बोटांपासून. हे मिस्त्रीला माहीत होतं, पण विसरायला सोयीचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात सुई डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं. काळजी करू नका हे ऐकल्यापासून सुईची झोप उडाली. तो पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला हातात धरून घड्याळ लावून उभा राहू लागला. अर्धं मिनिट हात स्थिर राही आणि मग भीतीनेच थरथरे.

"बघितलंस?" एकदा त्याने मिस्त्रीलाच तो पेला धरून दाखवला.

"अरे, असा धरला तर कोणाचाही हलेल."

"तुझा धर."

मिस्त्रीने धरला. त्याचा सुईपेक्षा जास्त हलला. सुईला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तो म्हणाला, "तुझं वय झालं."

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, सुई साडेतीनला आला नाही, सहाला आला. खेळायला बसला नाही. मिस्त्रीच्या टेबलाशी स्टूल ओढून म्हणाला, "आजपासून रिपोर्टच्या खिडकीवर बसतोय."

"म्हणजे?"

"अर्ज दिला. हाताला कंप जाणवतो, रक्त काढण्याच्या कामातून मोकळं करावं. साहेबाने पाच मिनिटांत सही केली. त्याच्याकडे एक नवी मुलगी तयारच होती." मग तो म्हणाला, "एखाद्या पोराच्या हातात सुई मोडण्यापेक्षा बरं. नाही का?"

मिस्त्री समोरचे स्क्रू एकेक करून डबीत टाकत राहिला. सुई गेला. त्या रात्री मिस्त्रीने जेवण टाकलं आणि बायकोला सगळं सांगितलं.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"तीन आठवडे."

"आणि तो रोज तुमच्यासमोर हात बघत बसायचा."

"अगं, सांगितलं असतं तर त्याची नऊ वर्षं..."

"त्याची नऊ वर्षं तुम्हाला दिसली," ती म्हणाली, "त्याचा हात नाही दिसला." आणि तिने ताट झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, मिस्त्रीने सुईला बोलावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. अपेक्षा अशी होती की सुई चिडेल, किंवा निदान हबकेल. सुई हसला. अगदी प्रेमाने हसला.

"चांगला आहेस रे तू," सुई म्हणाला. "पण कशाला? डॉक्टरपासून बायकोपर्यंत सगळे समजूत काढतायत. तू तरी खरं बोल."

"खरंच बोलतोय."

"झेरॉक्स मशीनचा स्विच. हे सुचलं तरी कसं तुला?"

बावीस वर्षं माणसं मशीनला दोष देत आली आणि मिस्त्री नाही म्हणत आला. आता तो मशीनला दोष देत होता आणि समोरचा नाही म्हणत होता. शेवटी त्याने फळी उघडली, नवा स्विच काढला आणि खिशातला पिवळट बसवला. सुईला डावीकडे बसवलं, स्वतः उजवीकडे बसला आणि एकच ठोसा पुन्हा पुन्हा मारत राहिला.

पहिला उलटा बसला. दुसरा बसला. दहापर्यंत सगळे बसले. सुईचा श्वास मोठा झाला. "हात आलाय," तो हळूच म्हणाला. "आज हात आलाय."

"आता एकदाच दाब," मिस्त्री म्हणाला. "मोजून एकदा. दाबलं की हात उचलून डोक्यावर ठेव."

सुईने ठोसा अडवला, बटण एकदा दाबलं आणि शाळेतल्या मुलासारखा हात डोक्यावर ठेवला. पडद्यावर मिस्त्रीचा पैलवान उलटा होऊन आपटला.

बराच वेळ तो हात डोक्यावरच होता. मग सुईने तो खाली घेतला, मांडीवर ठेवला, बोटं उघडली, मिटली. त्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते सुख होतं, यात शंका नाही. त्याने फोन काढून बायकोला लावला आणि म्हणाला, "अगं, हात चांगला आहे. नाही, डॉक्टर नाही. मिस्त्री सांगतोय. घरी येऊन सांगतो." फोन ठेवला तेव्हा ते सुख ओसरत चाललं होतं.

"नऊ वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"सगळे?"

"सगळे नसतील. तू तसाही चांगला..."

"राहू दे." तो फळीवरच्या चषकांकडे बघत नव्हता, बघेल म्हणून मिस्त्री तयारीत होता. तो मिस्त्रीकडे बघत होता. "तुला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, एवढे दोनच शब्द. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो क्षण होता.

"स्विच बदलले त्याच आठवड्यात," मिस्त्री म्हणाला. "शनिवारी."

सुईने बोटांवर हिशोब केला नाही, पण तो करतोय हे दिसत होतं. पेला धरून दाखवला तो बुधवार. अर्ज दिला तो गुरुवार.

"बाईंना तू सांग," तो उठत म्हणाला. "मी सांगितलं तर हरणाऱ्याचं कारण होईल."

मिस्त्रीने बाईंना सांगितलं. मावशींनाही सांगितलं. मावशी म्हणाल्या, "नऊ वर्षं माझ्या दुकानात बसून माझंच मशीन खोटं बोलत होतं, आणि मी हरणाऱ्यांना हसत होते." त्यांनी चषक उतरवले नाहीत, पण त्यांच्यावर एक जुना टॉवेल टाकला. बाईंनी वह्यांची पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे मी सहा वर्षं कोणाकडून हरत होते?"

"माझ्याकडून," मिस्त्री म्हणाला.

भूगोलाच्या माणसाला चुकीचा नकाशा नवा नसतो. "मी त्यांचा उलटा चुकवायला शिकले ते त्यामुळेच," त्या म्हणाल्या. "दहात दहा बसतात म्हणून दुसरी वाट काढली. आता सगळ्यांना भारी पडते. मी रागवायचं की आभार मानायचे, ते सांगा."

"रागवा."

"मला वाटलंच." त्या दिवशी त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

स्पर्धा झाली. बाई तिसऱ्या आल्या. सुई आला नाही. मिस्त्रीच्या कानावर आलं ते एवढंच, की सुई साहेबाकडे गेला होता आणि हात बरा असल्याचं त्याने सांगितलं. साहेबाने फाइल उघडून त्याचाच अर्ज त्याच्यापुढे ठेवला. हाताला कंप जाणवतो, खाली सही. "तुमच्याच अक्षरात आहे," साहेब म्हणाला. "उद्या कोणाला इजा झाली तर हा कागद मी कुठे लपवू? खिडकीवर बरे आहात." साहेबाचं काही चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. ते जास्त वाईट होतं.

बायको रोज एकच म्हणायची, "जाऊन या." मिस्त्री रोज उद्यावर टाकायचा. नुसतं जाऊन माफी मागायची, तर माणसाने उभं कुठे राहायचं आणि हात कुठे ठेवायचे, हा त्याचा प्रश्न होता. शेवटी त्याने साखर तपासायचं निमित्त काढलं. रात्री आठनंतर काही खाल्लं नाही, सकाळी पाणीही न पिता निघाला. माफी मागायला उपाशीपोटी जाणारा तो जगातला पहिलाच माणूस नसावा, पण पावती फाडून मागणारा बहुधा पहिलाच.

लॅबमध्ये आठ खुर्च्या, चार माणसं, भिंतीवर 'शांतता राखा'. खिडकीच्या काचेमागे सुई. मिस्त्रीने वाकून काचेच्या भोकाशी तोंड नेलं.

"सुई..."

"उपाशीपोटी का?" सुईने विचारलं.

"हो. ऐक ना, मी..."

"पूर्ण नाव?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत हा प्रश्न आला नव्हता. मिस्त्रीने नाव सांगितलं. सुईने ते लिहिलं, लिहिताना क्षणभर थांबला, जणू दुसऱ्याच कोणाची तरी माहिती मिळाली होती. वय विचारलं, फोन नंबर विचारला. "आत जा. दोन नंबरची खुर्ची."

नवी मुलगी चुणचुणीत होती, पण हात घाईचा होता. मिस्त्रीच्या दंडाला पट्टा बांधून तिने टोचलं, शीर निसटली. "सॉरी हं काका." पुन्हा टोचलं. मिस्त्रीने दात आवळून मान वळवली. त्या खुर्चीवरून खिडकीच्या आतली बाजू दिसायची. सुई वळून बघत होता. मिस्त्रीकडे नाही, त्याच्या कोपराच्या खळग्याकडे, एकटक, जसा तो पडद्याकडे बघायचा. टेबलावर त्याचा उजवा हात अगदी स्थिर होता. तो अर्धवट उठला. मिस्त्रीला वाटलं, येतोय.

"डावा हात सोड," सुई तिथूनच म्हणाला. "उजव्याला बघ. अंगठ्याच्या रेषेत, जरा वर." आणि परत बसला.

मुलीने उजव्या हाताला बघितलं. एका झटक्यात लागली.

बाहेर येताना डाव्या कोपराशी निळं होऊ लागलं होतं. मिस्त्री खिडकीशी थांबला. मागे एक म्हातारी पावती पुढे करून उभी होती.

"माझं चुकलं," तो काचेतून म्हणाला. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

सुईने शिक्का मारला, पावती भोकातून सरकवली. "रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर," तो म्हणाला. "स्वतः यायची गरज नाही. कोणालाही पाठवलं तरी चालतं." मग त्याने म्हातारीकडे बघितलं. "या आजी. उपाशीपोटी का?"

मिस्त्री दिवसभर मशिनी उघडत आणि बंद करत राहिला. एकाही मशीनबद्दल तक्रार आली नव्हती. सहाला पंचवीस कमी असताना त्याने पेचकस ठेवला, मावशींना येतो म्हणाला आणि निघाला. लॅबमध्ये पोचला तेव्हा रिपोर्टच्या खिडकीपुढे रांग लागली होती. काचेमागे सुईच होता, मान खाली घालून पाकिटं लावत होता. मिस्त्री रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने अजून ठरवलं नव्हतं, आणि पुढे सहा माणसं होती.